क्विनोनचा पीएच-उतार ५९ येत नाही तेव्हा: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

हायड्रोक्विनोन–बेन्झोक्विनोन ही इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन बरोबरीने हलवणारी सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी जोडी. दोन इलेक्ट्रॉनांसोबत दोन प्रोटॉन जातात, म्हणून २५ अंश सेल्सिअसला पीएच एकने वाढला की मधलं पोटेन्शिअल ५९ मिलिव्होल्टने खाली यायला हवं. मधलं म्हणजे पोटेन्शिअल पुढे-मागे फिरवून (स्कॅन करून) प्रवाह मोजला की रिडक्शनचं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याचं, आणि ऑक्सिडेशनचं, म्हणजे ते देण्याचं, असे जे दोन पीक येतात त्यांचा मध्य. प्रत्यक्षात अनेकांच्या आलेखावर ४५, ५२, नाहीतर ६८ येतात आणि लगेच इलेक्ट्रोड घासायला सुरुवात होते. बहुतेक वेळा दोष इलेक्ट्रोडचा नसतो. प्रोटॉन हासुद्धा अभिक्रियेतला घटक आहे आणि तो इलेक्ट्रोडपर्यंत पुरेसा पोचला पाहिजे, याकडे लक्ष गेलेलं नसतं.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्याकडे काय दिसतंय ते आधी ठरवा. पुढच्या तपासण्यांतली कोणती मन लावून करायची, ते त्यावरून कळतं.

- सगळे बिंदू एका रेघेवर आहेत, उतारही बरोबर आहे, पण अख्खी रेघ २०–४० मिलिव्होल्टने वर किंवा खाली सरकली आहे. संशय रेफरन्स इलेक्ट्रोडवर (ज्याच्या तुलनेत पोटेन्शिअल मोजतात तो).
- आम्लाकडे रेघ छान येते, नऊ-दहाच्या पुढे सपाट होते. हा बहुधा बिघाड नसतोच. तपासणी १ बघा.
- बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बदलला की त्या जागी रेघेत पायरी पडते. बफर किंवा पीएच मीटर.
- रिडक्शनचं पीक दुभंगतं, किंवा पसरट होऊन त्याला खांदा येतो. जवळजवळ नक्की बफर कमी पडतोय.
- पीएच ३ ला दोन पीकमधलं अंतर कमी, पीएच ६–७ ला तेच २००–३०० मिलिव्होल्ट. पृष्ठभाग आणि अभिक्रियेचा वेग.
- प्रत्येक स्कॅनला पीक थोडं सरकतं आणि लहान होतं, द्रावण तपकिरी किंवा गुलाबी दिसतं. रेणूच बदलतोय.

तपासणी १: कागदावरचा हिशेब (खर्च शून्य)

५९ हा आकडा २५ अंशांचा आहे. २० अंशांना तो ५८.२, ३० ला ६०.२ आणि ३५ ला ६१.१ होतो. एसी नसलेल्या प्रयोगशाळेत मे महिन्यात द्रावण ३५ अंशांवर असतं. तिथे ६१ आला तर प्रयोग बरोबर झालाय, सुधारायचं काही नाही. थर्मामीटर सेलमधल्या द्रावणात बुडवा, भिंतीवरच्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरा प्रश्न: ज्या पट्ट्यातून एकच रेघ काढली, त्या पट्ट्यात प्रोटॉनांची संख्या एकच राहते का? हायड्रोक्विनोनचा पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) ९.९ च्या आसपास आणि दुसरा ११.४ च्या आसपास आहे. ९.९ च्या पुढे रिडक्शननंतर रेणूवर एकच प्रोटॉन टिकतो, त्यामुळे उतार निम्मा, म्हणजे २९.६ होतो. ११.४ च्या पुढे एकही टिकत नाही आणि रेघ आडवी होते. आता पीएच ४ ते १२ मधून एकच सरळ रेघ ओढली तर काय होतं ते बघा. पहिल्या ५.९ एककांत ३४९ मिलिव्होल्ट, पुढच्या दीड एककात ४४, त्यापुढे शून्य. आठ एककांत एकूण ३९३, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सरासरी ४९. वाचन सगळं बरोबर असूनही उतार चुकीचा दिसतो. रेघ तुकड्यांत काढा. जिथे दोन तुकडे मिळतात तिथेच पीकेए असतो, आणि तो तुम्हाला फुकट मिळतो.

रेणू वेगळा असेल तर हे आकडेही वेगळे. अँथ्राक्विनोन सल्फोनेटांमध्ये मोड साडेसात-आठच्या आसपासच येतो. मिथिलिन ब्लू दोन इलेक्ट्रॉनांबरोबर, पीएच सहाच्या वर, एकच प्रोटॉन घेतो. तिथे ३० हाच योग्य उतार. सूत्र एकच: प्रोटॉनांची संख्या भागिले इलेक्ट्रॉनांची संख्या, गुणिले ५९.२.

तपासणी २: पीएच मीटर आणि बाटलीवरची चिठ्ठी

०.१ पीएचची चूक म्हणजे ६ मिलिव्होल्ट. मीटर त्याच दिवशी, किमान दोन प्रमाण बफरांवर लावून घ्या, आणि ते दोन तुमच्या मोजणीच्या दोन्ही बाजूंचे असू द्या. मीटर दाखवतो तो इलेक्ट्रोडचा उतार ९५ ते १०२ टक्क्यांत असावा. ९० च्या खाली गेला तर काचेचा इलेक्ट्रोड स्वच्छ करा, नाहीतर बदला.

चिठ्ठीवरचा पीएच आलेखात घालू नका. बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड आणि क्विनोन घातल्यावर, सेलमध्ये जे द्रावण जातं त्याचाच पीएच मोजा. फॉस्फेटमध्ये मीठ वाढलं की पीएच ०.१–०.२ ने घसरतो. ट्रिस तापमानाला फार हळवं आहे: दर अंशामागे पीएच ०.०२८ ने उतरतो. फ्रिजमधून ४ अंशांवर काढून पीएच लावलेलं ट्रिस ३० अंशांवर वापरलं तर फरक ०.७ एककांचा, म्हणजे ४३ मिलिव्होल्टचा. बफर बदलला की दिसणाऱ्या पायऱ्यांपैकी बऱ्याच याच कारणाने येतात.

तपासणी ३: क्विनहायड्रोन, मल्टिमीटर आणि प्लॅटिनमची तार

सगळ्या तपासण्यांत हिचा उपयोग सर्वांत जास्त, आणि तरी हिच्याकडेच सर्वांत कमी लोक वळतात. काचेचा इलेक्ट्रोड घरोघरी पोचण्याआधी पीएच मोजायला क्विनहायड्रोन इलेक्ट्रोड वापरत. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ आयनार बिलमान यांनी तो १९२१ च्या सुमारास रूढ केला. क्विनहायड्रोन म्हणजे बेन्झोक्विनोन आणि हायड्रोक्विनोन यांचं एकास एक संयुग. ते द्रावणात टाकलं की प्लॅटिनमच्या तारेवर ठरलेलं पोटेन्शिअल येतं: प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत ६९९ वजा ५९.२ गुणिले पीएच, मिलिव्होल्टमध्ये. यात ना स्कॅन आहे, ना पीक, ना अभिक्रियेच्या वेगाचा गोंधळ.

कृती अशी. विकत आणलेले ४.०१ आणि ७.०० चे ताजे प्रमाण बफर दोन छोट्या बीकरमध्ये २०–२० मिलिलिटर घ्या. प्रत्येकात चिमूटभर क्विनहायड्रोन घालून दोन मिनिटं ढवळा. थोडं न विरघळलेलं तळाशी राहिलं पाहिजे. क्विनहायड्रोन नसेल तर दोन्ही संयुगं समान मोल घ्या: १०० मिलिलिटरला हायड्रोक्विनोन ११.० मिलिग्रॅम आणि बेन्झोक्विनोन १०.८ मिलिग्रॅम. बेन्झोक्विनोनची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते, त्यामुळे वजन फ्यूम हूडमध्ये करा आणि हातमोजे घाला. प्लॅटिनमची तार ज्योतीत लाल करून थंड होऊ द्या. तार मल्टिमीटरच्या धन टोकाला, तुमचा रेफरन्स ऋण टोकाला.

संपृक्त पोटॅशियम क्लोराइडचा सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स असेल तर २५ अंशांना ४.०१ मध्ये २६५ च्या आसपास आणि ७.०० मध्ये ८८ च्या आसपास मिलिव्होल्ट यायला हवेत. ३ मोलर क्लोराइडचा असेल तर २५२ आणि ७५. दोन्हींत फरक १७७.

फरक १७७ आणि दोन्ही वाचनं सारखीच १५–२० मिलिव्होल्टने चुकलेली? मग रेफरन्स सरकला आहे. फरकच चुकतो? मग प्रमाण बफर शिळे आहेत किंवा तार घाण आहे. दोन्ही बरोबर आली तर रेफरन्स सुटला. आता हीच तार स्वतःच्या बफरमध्ये घाला. संपृक्त रेफरन्ससाठी पीएच म्हणजे ५०२ वजा वाचन, भागिले ५९.२. हा आकडा मीटरशी ०.१ च्या आत जुळला पाहिजे. ही पद्धत पीएच ८ पर्यंतच वापरा. त्यापुढे हायड्रोक्विनोन आयन होऊ लागतं आणि हवेतला ऑक्सिजनही त्याला खातो.

रेफरन्स दोषी ठरला तर आधी आतला बुडबुडा झटकून काढा, द्रावण नवं भरा, आणि टोकाची फ्रिट (सच्छिद्र बूच) कोरडी पडलेली नाही ना ते बघा. सहायक क्षार (द्रावणाची वाहकता वाढवणारा) म्हणून परक्लोरेट वापरत असाल तर दोष तिथेच आहे. पोटॅशियम परक्लोरेट पाण्यात कमी विरघळतं, ते फ्रिटमध्ये साका धरतं आणि संपर्क तुटत जातो. सोडियम क्लोराइड भरलेला रेफरन्स घ्या किंवा परक्लोरेट सोडा. एवढं करूनही ताज्या रेफरन्सच्या तुलनेत ५ मिलिव्होल्टहून जास्त फरक राहिला, तर दुरुस्तीत आणखी वेळ न घालवता नवा विकत घ्या.

तपासणी ४: बफर पुरेसा आहे का, आणि तो रेणूशी अलिप्त राहतो का

इथे सावकाश जायला हवं, कारण दुभंगलेल्या पीकचं आणि विस्कटलेल्या उताराचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

१ मिलिमोलर बेन्झोक्विनोन रिड्यूस होताना इलेक्ट्रोडजवळच्या थरातून २ मिलिमोलर प्रोटॉन मागतं. पीएच ७ ला मोकळे प्रोटॉन ०.०००१ मिलिमोलर, मागणीच्या वीस हजारांश. मग उरलेले येतात कुठून? बफरच्या आम्ल-रूपाकडून. ते संपलं की पृष्ठभागाजवळचा पीएच झपाट्याने वर जातो आणि तिथलं क्विनोन जणू पीएच १०–११ च्या द्रावणात असल्यासारखं वागतं. त्याचं पीक ऋण बाजूला सरकतं. थोडा पुरवठा असेल तर आधी जुन्या जागी एक पीक येतं, प्रोटॉन संपल्यावर ऋण बाजूला दुसरं. यंत्राला दोन पायऱ्या दिसतात आणि त्यावरून ‘दोन स्वतंत्र एक-इलेक्ट्रॉन टप्पे’ असा निष्कर्ष लिहिला जातो. पाण्यात तो जवळजवळ नेहमी चुकीचा असतो.

नुसत्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये एचसीएल आणि एनएओएच थेंबथेंब टाकून पीएच लावला असेल, तर मधल्या पट्ट्यात उतार जवळजवळ सपाट येतो. मीटर प्रत्येक वेळी वेगळा पीएच दाखवतो, पण पृष्ठभागावर तो टिकत नाही. पीएच ३ च्या खाली मोकळे प्रोटॉन मागणीच्या बरोबरीला येऊ लागतात, म्हणून तिथले बिंदू ठीक पडतात. हे चांगले आणि ते वाईट बिंदू एका रेघेत बसवले की ४०–४५ असा उतार निघतो.

बफर असूनही तो काठावर वापरला तर तीच गत. फॉस्फेटचा पुस्तकातला दुसरा पीकेए ७.२ आहे, पण ०.१ मोलर द्रावणात तो प्रत्यक्षात ६.८ च्या जवळ वागतो. ०.२ मोलर मोनोसोडियम फॉस्फेट ३९ मिलिलिटर आणि ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट ६१ मिलिलिटर, पाण्याने २०० मिलिलिटर केलं की पीएच ७.० चा ०.१ मोलर बफर होतो. पीएच ८.० साठी हेच प्रमाण ५.३ आणि ९४.७ होतं. म्हणजे १०० मिलिमोलर बफरमध्ये आम्ल-रूप फक्त ५.३ मिलिमोलर. त्यातलं २ क्विनोनने घेतलं की पृष्ठभागाचा पीएच ०.२ ने चढतो आणि रिडक्शनचं पीक १२ मिलिव्होल्टने सरकतं. बफर २० मिलिमोलरच असेल तर आम्ल-रूप एक ते दोन मिलिमोलर. मागणी पुरी व्हायच्या आतच साठा संपतो आणि पीक दुभंगतं. ऑक्सिडेशनला उलट बाजू लागू: तिथे बफरचं आम्लारी-रूप पुरेसं हवं.

खात्री करायला दोन सोपे प्रयोग आहेत. एक, बफर ५०, १०० आणि २०० मिलिमोलर असा वाढवा, एकूण आयनबल पोटॅशियम क्लोराइडने सारखं ठेवा आणि प्रत्येक वेळी पीएच पुन्हा मोजून सारखा करा. दोन, बफर तोच ठेवून क्विनोन १ वरून ०.२ मिलिमोलरवर आणा. यापैकी कशानेही पीकची जागा ५ मिलिव्होल्टहून जास्त हलली, तर प्रोटॉन अपुरे पडतायत. लागणारं रूप प्रोटॉनांच्या मागणीच्या किमान वीस-पंचवीस पट ठेवा. १ मिलिमोलर क्विनोनला याचा अर्थ त्या रूपाचं ५० मिलिमोलर. इतका बफर शक्य नसेल तर क्विनोन कमी करा, ०.२ मिलिमोलरलाही पीक स्वच्छ दिसतं.

जिवंत पेशीतही पुरवठा तुटला की हेच होतं. सायटोक्रोम ऑक्सिडेज हे श्वसनातलं एन्झाइम एका ऑक्सिजन रेणूमागे चार इलेक्ट्रॉन घेतं आणि आठ प्रोटॉन आतल्या बाजूने उचलतं. चार पाणी बनवायला, चार पडद्यापलीकडे ढकलायला. ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जिवाणूच्या एन्झाइममध्ये प्रोटॉन आत नेणाऱ्या डी-मार्गाच्या तोंडाशी १३२ क्रमांकावर ॲस्पार्टेट आहे. तिथे ॲस्परॅजिन बसवलं की इलेक्ट्रॉन देणारं सायटोक्रोम सी भरपूर असूनही एन्झाइमचा वेग जवळजवळ बसतो. इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी आहे, प्रोटॉनांचं दार बंद आहे. तुमच्या सेलमध्ये बफर नसताना नेमकं हेच घडतं.

आता बफरच्या स्वभावाकडे. बोरेट शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना धरतं. कॅटेकोल, डोपामिन, गॅलिक आम्ल यांना त्यामुळे ते चालत नाही. मोजलं जातं ते कॅटेकोल नसून त्याचं बोरेट-संयुग. ब्रिटन–रॉबिन्सन बफर सोयीचा म्हणून सर्रास वापरतात, पण त्यात ॲसेटिक, फॉस्फोरिक आणि बोरिक आम्ल तिन्ही ०.०४ मोलर असतात, हे बाटली हातात घेताना लक्षात राहत नाही. हायड्रोक्विनोनचे गट समोरासमोर असल्याने त्याला बोरेटचा त्रास नाही. ट्रिस आणि इतर अमाइन क्विनोनला जोडले जाऊन रंगीत पदार्थ बनवतात. हेपेस धन पोटेन्शिअलला स्वतःच ऑक्सिडाइज होऊ शकतं. बायकार्बोनेटमधून नायट्रोजन फिरवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढत राहतो. ४ ते ५.५ ला ॲसेटेट, ६ ते ७.५ ला फॉस्फेट, आणि हायड्रोक्विनोनच असेल तर ८.५ ते ९.८ ला बोरेट, एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं.

तपासणी ५: ऑक्सिजन

हवेच्या संपर्कातल्या पाण्यात २५ अंशांना सुमारे ०.२५ मिलिमोलर ऑक्सिजन असतो आणि तोही चार इलेक्ट्रॉनांबरोबर चार प्रोटॉन घेतो. ऋण बाजूला स्कॅन लांब नेला की तो पृष्ठभागाचा पीएच चढवतो आणि वर स्वतःचा प्रवाह मिसळतो. १० मिलिलिटरला १०–१५ मिनिटं नायट्रोजन किंवा आर्गॉन फिरवा, स्कॅन चालू असताना नळी द्रावणाच्या वर ठेवा. वायू आधी पाण्याच्या बाटलीतून नेला तर सेलमधलं द्रावण आटत नाही.

तपासणी ६: इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग

इलेक्ट्रोडची पाळी आता येते. १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिना या क्रमाने, प्रत्येकाचं कापड वेगळं. आठच्या आकड्यासारखं फिरवत एक-दोन मिनिटं घासा, मध्ये भरपूर पाण्याने धुवा, शेवटी शुद्ध पाण्यात मिनिटभर सॉनिकेट करा. पृष्ठभाग आरशासारखा दिसला पाहिजे. ॲल्युमिनाचे कण चिकटून राहिले तर क्विनोनचा वेग बदलतो, म्हणून धुण्यात घाई नको.

मग १ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट. ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनवर पीक प्रवाह १६–१७ मायक्रोॲम्पिअर आणि पीकमधलं अंतर ६५–८० मिलिव्होल्ट असेल तर पृष्ठभाग ठीक. १०० च्या वर गेलं तर पुन्हा घासा. ही चाचणी फक्त इलेक्ट्रॉनांची. फेरिसायनाइड या द्रावणात प्रोटॉन घेत नाही, त्यामुळे ती पास झाली म्हणून क्विनोनही नीट चालेल असं समजू नका. शेवटी क्विनोन न घालता नुसत्या बफरमध्ये एक स्कॅन घ्या. जुन्या कार्बनवर स्वतःचेच क्विनोन गट असतात, त्यांचा उंचवटा पीएचबरोबर सरकतो आणि तुमच्या पीकमध्ये मिसळतो.

पीएच ५ ते ७ मध्ये पीकमधलं अंतर मोठं राहणं हे पृष्ठभाग स्वच्छ असूनही घडतं. जास्त आम्लात प्रोटॉन आधी बसू शकतो, आम्लारीत इलेक्ट्रॉन आधी जाऊ शकतो; मधल्या पट्ट्यात दोन्ही वाटांवरचे मधले रेणू जास्त ऊर्जेचे असतात आणि वेग मंदावतो. अशा वेळी १०, २५, ५०, १०० आणि २०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद घेऊन दोन पीकचा मध्य बघा. तो ५ मिलिव्होल्टच्या आत स्थिर असेल तर आलेखात घाला. वेगाबरोबर एका बाजूला सरकत असेल तर सर्वांत कमी वेगांचेच आकडे घ्या आणि अनिश्चितता लिहा.

तपासणी ७: पोटेन्शिओस्टॅट

पोटेन्शिओस्टॅट म्हणजे पोटेन्शिअल फिरवून प्रवाह मोजणारं यंत्र. सेलच्या जागी १० किलोओहमचा रोध जोडा. काउंटर आणि रेफरन्सच्या तारा एका टोकाला, वर्किंग दुसऱ्या टोकाला. ० ते ०.५ व्होल्ट स्कॅन केल्यावर ० ते ५० मायक्रोॲम्पिअरची सरळ रेघ यायला हवी. रेघ वाकली, तुटली किंवा उतार चुकला तर आधी तारा आणि क्लिप बदला. गंजलेली मगरक्लिप हे नेहमीचं कारण. तरीही तसंच राहिलं तर थांबा. यंत्र उघडू नका, सर्व्हिस इंजिनीअरला बोलवा. आतली मोजमाप-साखळी कारखान्यात जुळवलेली असते, स्क्रू फिरवून ती सुधारत नाही.

तपासणी ८: रेणू टिकतोय का

हायड्रोक्विनोन आम्लारी द्रावणात हवेने तपकिरी होतं. बेन्झोक्विनोनवर हायड्रॉक्साइड हल्ला करतं. पीएच ९ च्या वरचे बिंदू घेताना बफरमधून आधी ऑक्सिजन काढा, मग क्विनोन टाका आणि लगेच मोजा. साठ्याचं द्रावण रोज नवं, काळ्या बाटलीत. परतीच्या पीकचा प्रवाह कमी वेगाला लहान आणि जास्त वेगाला मोठा होत असेल, तर बनलेला पदार्थ परत यायच्या आत बदलतोय. डोपामिनमध्ये हे ठरलेलंच आहे: त्याचं क्विनोन वळून स्वतःच वलय बंद करतं, पुढे काळपट थर इलेक्ट्रोडवर बसतो. उपकरण आणि बफर तपासायला डोपामिन वापरू नका. त्यासाठी हायड्रोक्विनोनच ठेवा.

५९ आला, पुढे काय म्हणता येतं आणि काय नाही

उतार ५९ आला म्हणजे सुरुवात आणि शेवट यांच्यात जितके इलेक्ट्रॉन तितके प्रोटॉन, एवढंच सिद्ध झालं. ते एकाच पायरीत गेले की एकामागून एक, हे उतार सांगत नाही. पहिली पायरी हळू, दुसरी झटपट असली तरी उतार तोच येतो. ‘५९, म्हणून एकत्रित पायरी’ हे वाक्य प्रबंधात आढळलं तर परीक्षकाने ते खोडायलाच हवं.

प्राथमिक अंदाजासाठी जड पाणी वापरता येतं. काचेच्या इलेक्ट्रोडच्या वाचनात ०.४० मिळवून पीडी (जड पाण्यातला पीएच) काढा, आणि पीकेए सुमारे अर्ध्या एककाने वर सरकतात हे धरून तुलना करा. वेग खूप घसरला तर ठरवणाऱ्या पायरीत प्रोटॉन हलतोय असा संकेत मिळतो. रसायनशास्त्रज्ञ थॉमस मायर यांच्या गटाने १९८१ मध्ये रुथेनियमच्या संयुगांत साध्या आणि जड पाण्यातल्या वेगांचं गुणोत्तर १६ च्या आसपास नोंदवलं होतं. इतका मोठा फरक नुसत्या इलेक्ट्रॉनच्या उडीने समजावता येत नाही.

निसर्गात ही जोडणी का लागते, ते टायरोसिनमध्ये स्पष्ट दिसतं. त्याच्या हायड्रॉक्सिलचा पीकेए १० च्या आसपास, पण इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर तोच −२ च्या आसपास पडतो. प्रोटॉन घ्यायला शेजारी कोणी नसेल तर इलेक्ट्रॉन काढणं फार महाग पडतं. प्रकाशप्रणाली २ (प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडणारं प्रथिन-संकुल) मध्ये टायरोसिन १६१ च्या शेजारी हिस्टिडिन १९० हायड्रोजन बंधाने उभं आहे. ते बदललं की टायरोसिनचं ऑक्सिडेशन कितीतरी पटींनी मंदावतं, आणि बाहेरून इमिडाझोल दिलं की काही अंशी सावरतं. छोटंसं आम्लारी बाहेरून देऊन वेग परत आणणं म्हणजे तपासणी ४ मधला बफर वाढवण्याचा प्रयोगच, फक्त प्रथिनाच्या आत.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

एक ते आठ तपासण्या पार पडूनही उतार ५६ ते ६२ च्या बाहेर असेल, तर कच्च्या फाइल, बफरची पाककृती, तापमान आणि क्विनहायड्रोनची वाचनं घेऊन इलेक्ट्रोकेमिस्ट्री करणाऱ्या गटाकडे जा. प्रत्यक्ष व्होल्टॅमोग्राम (पोटेन्शिअल आणि प्रवाहाचा आलेख) न दाखवता नुसता उतार सांगितला तर कोणी मदत करू शकणार नाही.

पायऱ्यांचा क्रम ठरवायचा असेल तर नऊ रेणूंचा चौकोनी आराखडा (इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या सगळ्या संभाव्य क्रमांचा), संगणकावरचं सिम्युलेशन आणि द्रावणातल्या वेगाची स्वतंत्र मोजणी लागते. हे एकट्याने पहिल्यांदा करू नका.

शुद्ध केलेलं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायचं असेल तर नमुना संपण्याआधीच त्या तंत्राची सवय असलेल्या प्रयोगशाळेशी बोला. कोरड्या ॲसिटोनायट्राइलमधले क्विनोन प्रयोगही ग्लोव्हबॉक्सशिवाय हाती घेऊ नका. तिथे क्विनोन खरोखरच दोन एक-इलेक्ट्रॉन पायऱ्या दाखवतं, आणि पाण्याच्या लेशमात्र अंशानेही दुसरी पायरी जागेवरून हलते.

आणि परक्लोरेट असलेलं कुठलंही द्रावण, विशेषतः सेंद्रिय पदार्थासोबत, आटवून कोरडं करू नका. त्याचा स्फोट होऊ शकतो. ते वेगळ्या बाटलीत साठवून, नाव लिहून, रासायनिक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या.